राख वाहून गेली, दफ्तर राहिले

पॅरिसला जाणारा आपला प्रवासी आयफेल मनोरा पाहतो, लूव्हरच्या दालनांतून पाय दुखेपर्यंत हिंडतो आणि परतीच्या वाटेला लागतो. फ्रान्स पाहिल्याचे समाधान त्याला मिळते. परंतु त्याने आणखी एक दिवस हाताशी ठेवला आणि सें-लाझार स्टेशनावर वायव्येकडे जाणारी गाडी धरली, तर सुमारे दीड तासात तो सेन नदीच्या काठच्या एका मध्यम आकाराच्या गावात उतरेल. त्या गावाचे नाव रूआँ. इंग्रजी नकाशात आपण ते ‘रूएन’ असे वाचत आलो आहोत. वस्ती सव्वा लाखाच्या आत. आसपासची उपनगरे धरली तर पाच लाखांच्या घरात. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावासारखेच म्हणा ना. पण याच गावात एका एकोणीस वर्षांच्या मुलीला न्यायाच्या नावाने जिवंत जाळले, आणि पंचवीस वर्षांनी याच गावात दुसऱ्या न्यायपीठाने तो निवाडा रद्द केला. जोन ऑफ आर्कची ही कथा शाळेच्या पुस्तकांतून आणि बर्नार्ड शॉच्या नाटकामुळे आपल्या परिचयाची आहे. ज्या गावात ती घडली त्याचा परिचय मात्र क्वचितच कुणी करून देतो. तो करून घेण्यासारखा आहे. कारण आपल्या हातून झालेल्या अन्यायाचे एखादे गाव पुढे काय करते, हा प्रश्न एकट्या रूआँचा नाही.

नदीने आणलेले पाहुणे

रूआँचे सारे बरेवाईट सेन नदीने आणले. गाव समुद्रापासून नदीमार्गाने सुमारे सव्वाशे किलोमीटर आत आहे. तरीही भरती-ओहोटीचे पाणी इथवर पोचते आणि सागरी जहाजे थेट गावाच्या धक्क्याला लागतात. रोमन लोकांच्या काळी गावाचे नाव होते रोतोमागुस. 841 साली उत्तरेकडचे व्हायकिंग दर्यावर्दी आपल्या लांबट होड्या वल्हवीत नदीतून वर आले आणि त्यांनी गाव जाळले. पुढे त्यांच्या स्वाऱ्यांना कंटाळून फ्रान्सच्या राजाने 911 साली त्यांचा पुढारी रोलो याच्याशी तह केला आणि हा मुलूख त्यालाच तोडून दिला. उत्तरेकडचे म्हणून ते नॉर्मन, आणि त्यांचा प्रदेश तो नॉर्मंडी. ज्यांनी गाव जाळले त्यांनीच त्याला राजधानी केले. याच नॉर्मनांपैकी विल्यमने 1066 साली इंग्लंड जिंकले आणि 1087 साली देह ठेवला तो रूआँत. त्याचा खापरपणतू ‘सिंहहृदयी’ रिचर्ड 1199 साली मेला, तेव्हा त्याचे हृदय वेगळे काढून रूआँच्या कॅथीड्रलमध्ये पुरण्यात आले. 1838 साली ते शिशाच्या पेटीत सापडले, तेव्हा त्या सिंहाच्या काळजाची मूठभर पूड झाली होती.

1204 साली फ्रान्सच्या राजाने नॉर्मंडी परत घेतली. दोनशे वर्षांनी इंग्रज पुन्हा आले. इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याने जुलै 1418 मध्ये रूआँला वेढा घातला. अन्न संपत आले तेव्हा आतल्या लोकांनी आपल्यातल्या हजारो गोरगरिबांना, बायकामुलांना तटाबाहेर काढले. हेन्रीने त्यांना पुढे जाऊ दिले नाही आणि गावाने त्यांना आत घेतले नाही. तट आणि शत्रूची छावणी यांच्या मधल्या खंदकात त्या लोकांनी हिवाळा काढला. बहुतेक तिथेच मेले. जानेवारी 1419 मध्ये गाव शरण गेले. पुढची तीस वर्षे रूआँवर इंग्रजांचा अंमल राहिला, आणि जोनची कथा घडली ती याच तीस वर्षांत.

हिशेबी गाव

त्या कथेकडे वळण्यापूर्वी गावाचा स्वभाव थोडा पाहू. रूआँ हे व्यापाऱ्यांचे गाव. लोकर, कापड, धान्य यांवर ते मोठे झाले. गावाच्या मानचिन्हावर कोकरू आहे. मुख्य रस्त्यावर कमानीत बसवलेले ‘ग्रो-ऑर्लोज’ म्हणजे मोठे घड्याळ आहे. त्याला एकच काटा, आणि त्या काट्याच्या टोकालाही कोकरूच! हे घड्याळ 1389 सालचे. त्याची जुनी यंत्रे 1928 पर्यंत चालत होती. त्याच्या शेजारच्या घंटेच्या मनोऱ्यामागेही एक गोष्ट आहे. 1382 साली करांच्या ओझ्याने चिडून लोकांनी बंड केले. राजाने बंड मोडले, गावाचे हक्क काढून घेतले आणि घंटेचा मनोरा पाडून टाकला. सात वर्षांनी गावकऱ्यांनी नवा मनोरा उभारायला घेतला आणि त्यात घड्याळ बसवले. वेळ आणि पैसा यांचा हिशेब स्वतःच्या हाती असावा, ही या लोकांची जुनी हौस.

ती हौस देवळातही दिसते. कॅथीड्रलच्या दर्शनी भागी उजव्या हाताला जो नक्षीदार मनोरा आहे, त्याला ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासात दूध-लोणी वर्ज्य. पण नॉर्मंडी म्हणजे गाईंचा मुलूख. तिथल्या माणसाला लोण्यावाचून घास उतरायचा कसा? तेव्हा चर्चने तोडगा काढला. ज्याला लोणी खायचे असेल त्याने ठराविक दान द्यावे आणि खुशाल खावे. या पैशातून 1485 ते 1506 या काळात हा मनोरा उभा राहिला. आपल्याकडे एकादशीला साबुदाण्याची खिचडी चालते, पण तिच्यावर पट्टी बसवून शिखर बांधण्याची युक्ती कुणाला सुचल्याचे ऐकिवात नाही.

गणिती ब्लेझ पास्काल याचे वडील 1640 च्या सुमारास करवसुलीचे अधिकारी म्हणून रूआँत आले. रोज रात्री आकड्यांच्या रकान्यांपुढे डोके धरून बसणाऱ्या वडिलांचे कष्ट वाचावेत म्हणून अठरा-एकोणीस वर्षांच्या या मुलाने दातेरी चाकांचे बेरीज-वजाबाकीचे यंत्र रचले. आजच्या संगणकाच्या पूर्वजांत त्याची गणना होते. असे यंत्र सुचावे ते रूआँतच, असे म्हणावेसे वाटते.

जुन्या बाजारातला मे महिना

आता मूळ कथा. ऑर्लेआँचा वेढा उठवून आणि सातव्या चार्ल्सला राज्याभिषेक करवून फ्रान्सचे नशीब फिरवणारी शेतकऱ्याची मुलगी जोन मे 1430 मध्ये बर्गंडीच्या सैन्याच्या हाती लागली. त्यांनी ती इंग्रजांना दहा हजार लिव्हर घेऊन विकली. वर्ष सरताना तिला रूआँच्या किल्ल्यात आणले. त्या किल्ल्याचा एकच बुरूज आज उभा आहे. त्याला जोनचे नाव दिलेले असले तरी तिची कोठडी दुसऱ्या बुरुजात होती. या बुरुजात तिला नेले ते यातनांची हत्यारे दाखवून भिववण्यासाठी.

तिच्यावर खटला भरला तो पाखंडाचा. मुख्य न्यायाधीश बोव्हेचा बिशप पिएर कोशों. खर्च इंग्रजांच्या खजिन्यातून. आरोपांची आधी सत्तर कलमे, मग आटवून बारा. तिला वकील नाही, आणि धर्मपीठापुढचा खटला असूनही कैद इंग्रज शिपायांच्या पहाऱ्यात. 24 मे 1431 रोजी सेंत-वाँ मठाच्या स्मशानात तिला लोकांसमोर उभे करून, चिता समोर आहे असे सांगून, माफीच्या कागदावर तिची निशाणी घेतली. चारच दिवसांत तिने पुन्हा पुरुषी वेष घातला, एवढे कारण पुरेसे झाले. 30 मे रोजी ‘व्हिए मार्शे’त, म्हणजे जुन्या बाजारात, तिला आणले. धर्मपीठाने तिला राजसत्तेच्या स्वाधीन केले. राजसत्तेच्या अधिकाऱ्याने रीतसर शिक्षा सुनावण्याचेही कष्ट घेतले नाहीत. तिने क्रूस मागितला. एका इंग्रजाने काटकीचा क्रूस करून दिला, आणि एका साधूने शेजारच्या देवळातला क्रूस आणून तिच्या डोळ्यांसमोर धरला. लोकांनी अवशेष उचलून पुजू नयेत म्हणून तिची राख सेन नदीत टाकण्यात आली.

नदीत टाकले म्हणजे संपले, असा हा हिशेब होता. पण एक गोष्ट नजरेतून सुटली. खटल्याचे दफ्तर रूआँतच होते.

गियोम मांशों याचा मिसाल

या दफ्तराचा लेखक गियोम मांशों. रूआँचा धर्मपीठाचा कारकून, हुद्द्याने नोटरी. हा वीरपुरुष नव्हे. त्याने राजीनामा दिला नाही, उठून विरोध केला नाही. ठरलेला मेहनताना घेऊन तो रोज फ्रेंचमध्ये प्रश्नोत्तरे टिपत राहिला. पण टिपले ते जसे झाले तसे. त्याने पुढे साक्षीत सांगितले की, खिडकीजवळ पडद्याआड बसवलेले दुसरे लेखनिक जोनची उत्तरे आपल्या सोयीने लिहीत आणि ती तशीच घे म्हणून त्याच्यावर दडपण येई. जिथे असा वाद पडे तिथे तो ‘नोटा’, म्हणजे ‘लक्ष द्यावे’, अशी खूण करी, म्हणजे तो प्रश्न तिला फिरून विचारता यावा. या खटल्याच्या लॅटिन भाषेत पाच प्रमाणित प्रती करण्यात आल्या. त्यांपैकी तीन आजही शिल्लक आहेत. जोनचे शब्द आज आपल्याला ठाऊक आहेत ते तिच्या भक्तांमुळे नव्हे, तर तिला दोषी ठरवणाऱ्यांच्या कारकुनामुळे!

1449 च्या अखेरीस सातवा चार्ल्स रूआँत शिरला आणि इंग्रजांचा अंमल संपला. आता राजाला जोनची आठवण झाली. तिला पकडले तेव्हा त्याने बोट उचलले नव्हते. पण आपला मुकुट एका पाखंडी बाईच्या कृपेचा आहे हे बोलणे त्याला परवडणारे नव्हते. हेतू काहीही असो, चौकशी सुरू झाली. जोनची म्हातारी आई इझाबेल हिने नोव्हेंबर 1455 मध्ये पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये उभी राहून मुलीसाठी न्याय मागितला. शंभरावर साक्षीदार तपासले गेले. मांशोंने जपून ठेवलेली आपली मूळ फ्रेंच टिपणे न्यायपीठापुढे ठेवली. 7 जुलै 1456 रोजी रूआँच्या आर्चबिशपच्या वाड्यात पहिला निवाडा खोटा, अन्याय्य आणि रद्द असल्याचे जाहीर झाले. जिथे चिता पेटली होती तिथे क्रूस उभारावा असेही निवाड्यात सांगितले होते. कोशों 1442 सालीच मरून गेला होता. शिक्षा कुणालाच झाली नाही.

मांशोंने आणखी एक गोष्ट साक्षीत सांगितली. जोनच्या मृत्यूनंतर महिनाभर त्याला चैन पडले नाही, आणि खटल्याच्या कामाचे जे पैसे मिळाले होते त्यांतल्या काही रकमेचा त्याने लहानसा मिसाल, म्हणजे प्रार्थनापोथी, विकत घेतला. तिची आठवण राहावी आणि तिच्यासाठी प्रार्थना करता यावी म्हणून. रूआँचा माणूस म्हणतात तो असा. धाडस बेताचे, मेहनताना नाकारण्याची छाती नाही. पण कागद फाडणार नाही, आणि पैशाचा हिशेब मनाशी मांडल्यावाचून राहणार नाही.

रंगीत ओढा आणि आपला कापूस

पुढच्या शतकांत रूआँ कापडाचे गाव म्हणून नावारूपाला आले. इथे आपलाही धागा त्याला येऊन मिळतो. हिंदुस्थानातून जाणाऱ्या छापील सुती कापडाने सतराव्या शतकात फ्रेंच बायकांना वेड लावले. त्या कापडाला ते ‘इंडियेन’ म्हणत. देशी विणकर ओरडू लागले, तेव्हा 1686 साली सरकारने हे कापड आणण्यावर आणि छापण्यावर बंदी घातली. ती 1759 पर्यंत टिकली. बंदी उठताच रूआँच्या परिसरात ‘इंडियेन’ छापणारे कारखाने भराभर निघाले. आपल्या कारागिरांच्या वेलबुट्ट्या नॉर्मंडीतल्या ठशांवर उतरल्या. गावातल्या रोबेक नावाच्या ओढ्याकाठी रंगारी राहत. ते कापड धूत तेव्हा ओढ्याचे पाणी कधी निळे, कधी जांभळे, कधी पिवळे वाहे.

एकोणिसाव्या शतकात रूआँला फ्रान्सचे मँचेस्टर म्हणत. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस बंद झाला. त्या दिवसांत मुंबईत काय झाले हे आपण जाणतो. वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, शेअरांचे वेड बोकाळले आणि 1865 साली ते फुटले. त्याच काळात रूआँच्या गिरण्या बंद पडल्या आणि 1862-63 च्या हिवाळ्यात विणकरांच्या घरी चूल पेटेना. एकाच कापसाने मुंबईच्या पेढीवर पैशाचा पाऊस पाडला आणि रूआँच्या चाळीत उपास घडवला.

व्यापाराचा हिशेब नेहमीच स्वच्छ नसतो. अठराव्या शतकात रूआँच्या व्यापाऱ्यांचा पैसा गुलामांच्या व्यापारातही गुंतला होता. या इतिहासावर 2023 साली रूआँ, ल हाव्र आणि ओंफ्लर या तीन गावांनी मिळून प्रदर्शन भरवले. उशीर झाला खरा. पण कागद काढून मांडले.

फ्लोबेरचे पत्र

गावाच्या या स्वभावावर सर्वांत जास्त चिडलेला माणूस गावातच जन्मला. ‘मादाम बोव्हारी’चा लेखक गुस्ताव्ह फ्लोबेर 1821 साली रूआँच्या इस्पितळात जन्मला, त्याचे वडील तिथे मुख्य शस्त्रवैद्य होते. पुढे गावाखाली नदीकाठी क्रवासे येथे राहून त्याने आयुष्यभर एकेक वाक्य घासूनपुसून लिहिले. त्या कादंबरीत रोबेक ओढा आहे, नाटकगृह आहे, कॅथीड्रल आहे. 1822 साली वीज पडून कॅथीड्रलचे जुने शिखर जळाले, आणि त्या जागी बिडाच्या ओतीव तुकड्यांचे शिखर चढवण्याचे काम चालले होते. त्याचीही फ्लोबेरने मनसोक्त टिंगल केली. हे शिखर 1876 साली पुरे झाले. 151 मीटर उंचीचे हे देऊळ चार वर्षे जगातली सर्वांत उंच इमारत होते. टिंगल झालेले तेच शिखर आज गावाची ओळख आहे.

फ्लोबेरचा जिवलग मित्र कवी लुई बुइये 1869 साली वारला. मित्रांनी वर्गणी जमवली आणि बुइयेचा अर्धपुतळा असलेले एक कारंजे गावात उभारण्याची परवानगी मागितली. खर्च गावावर नव्हता. तरीही नगरपालिकेने नकार दिला. कवी एवढ्या योग्यतेचा नाही, असे मत पडले. तेव्हा फ्लोबेरने 1872 साली नगरपालिकेला जाहीर पत्र लिहून गावच्या प्रतिष्ठितांची अशी काही हजेरी घेतली, की ते पत्र आज त्याच्या वाङ्मयाचा भाग झाले आहे. फ्लोबेर 1880 साली गेला. 1882 साली ते कारंजे उभे राहिले. आणि आज नदीवरचा जो प्रचंड पूल मधला भाग उचलून जहाजांना वाट देतो, त्याला नाव आहे गुस्ताव्ह फ्लोबेरचे. तो 2008 साली खुला झाला.

चित्रकार मोने याने 1892 आणि 1893 साली कॅथीड्रलसमोर खोली घेऊन एकाच दर्शनी भिंतीची तीसहून अधिक चित्रे रंगवली. सकाळची, दुपारची, धुक्यातली. ती गाजली पॅरिसमध्ये. रूआँच्या संग्रहालयात त्यांतले एक आले ते 1909 साली, दपो नावाच्या स्थानिक उद्योगपतीने पन्नासावर चित्रे देणगी दिली तेव्हा.

पुन्हा आग

जोनला जाळले तो दिवस 30 मे. 1944 साली त्याच तारखेला दोस्तांची विमाने सेनवरचे पूल तोडण्यासाठी आली आणि आठवडाभर बाँब पडत राहिले. रूआँचे लोक त्याला ‘लाल आठवडा’ म्हणतात. त्याआधी 19 एप्रिलच्या रात्रीच्या हल्ल्यात सुमारे नऊशे माणसे मेली होती आणि कॅथीड्रलची दक्षिण बाजू फुटली होती. जर्मन सैन्य 1940 साली शिरले तेव्हाच कॅथीड्रल ते नदी हा सारा जुना भाग जळून गेला होता. मित्रांनीही जाळले, शत्रूनेही जाळले. 30 ऑगस्ट 1944 रोजी कॅनडाचे सैन्य आले तेव्हा गाव मुक्त झाले आणि लोक ढिगारे उपसू लागले. जी लाकडी चौकटींची घरे वाचली होती ती जपली. जे गेले त्याची डागडुजी करीत राहिले. 11 जुलै 2024 रोजी दुरुस्ती चालू असताना कॅथीड्रलच्या शिखराने पुन्हा पेट घेतला, तेव्हा साऱ्या गावाचा श्वास अडकला. सुदैवाने आग लवकर आटोक्यात आली.

1976 साली न्यायमंदिराच्या अंगणात फरसबंदीचे काम चालू असताना जमिनीखाली एक दगडी इमारत लागली. भिंतींवर हिब्रू अक्षरे कोरलेली. ही 1100 सालाच्या सुमारास बांधलेली ज्यूंची वास्तू. 1306 साली फ्रान्सच्या राजाने ज्यूंना हाकलून दिले आणि त्यांच्या वस्तीवर पुढे न्यायाचे मंदिर उभे राहिले. शेजारच्या रस्त्याचे नाव मात्र गावाने सोडले नव्हते. तो ‘ज्यूंचा रस्ता’च राहिला होता. आता ती वास्तू जपून ठेवली आहे.

जुन्या बाजारात आज भाजी, मासे, चीज यांची दुकाने आहेत. त्यांच्या शेजारीच 1979 साली जोनच्या नावाचे नवे देऊळ बांधले. त्याच्या छपराचा आकार कुणाला ज्वाळांसारखा वाटतो, कुणाला उलट्या होडीसारखा. आत सोळाव्या शतकातली रंगीत काचेची चित्रे आहेत. ती मूळची सें-व्हेंसाँ देवळातली. युद्धाच्या तोंडावर कुणीतरी वेळीच ती काढून सुरक्षित ठेवली. 1944 च्या बाँबहल्ल्यात ते देऊळ नाहीसे झाले, काचा राहिल्या. देवळाबाहेर, चितेच्या जागेजवळ, एक उंच क्रूस आहे. 1456 च्या निवाड्यात सांगितलेल्या क्रूसाची ती आजची आवृत्ती.

दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस रूआँचे लोक जोनचा उत्सव करतात. त्या दिवशी पुलावरून सेन नदीत फुले सोडतात. ज्या पाण्यात तिची राख टाकली ते पाणी केव्हाच समुद्राला मिळाले, हे त्या हिशेबी लोकांना पक्के ठाऊक आहे. तरीही फुले टाकायची ती त्याच नदीत.